अंश दिसतो, छेद दिसत नाही

ऑगस्ट २००८ मध्ये ब्रिटनच्या टीव्हीवर गाजलेली जेड गुडी लोणावळ्याच्या ‘बिग बॉस’च्या घरात शिरली. आदल्याच वर्षी ब्रिटनमधल्या अशाच एका कार्यक्रमात शिल्पा शेट्टीला हिणवल्यामुळे ती जगभर बदनाम झाली होती, आणि या हिंदी पर्वाची सूत्रसंचालक खुद्द शिल्पाच होती. वाहिनीला यापेक्षा जास्त मसाला कुठून मिळणार? पण दोनेक दिवसांतच घरात असतानाच गुडीला फोनवरून कळलं की मायदेशी केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट आले आहेत आणि तिला गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्याकडे बायका ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात तो, कॅन्सर आहे. ती परत गेली. उपचार, लग्न, दोन लहान मुलांची काळजी, सगळं कॅमेऱ्यासमोर घडलं. २२ मार्च २००९ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ती गेली.

त्या वर्षात इंग्लंडमध्ये एक विलक्षण गोष्ट झाली. २००८च्या मध्यापासून २००९च्या मध्यापर्यंत गर्भाशयमुखाच्या तपासणीला नेहमीपेक्षा सुमारे पाच लाख जास्त हजेऱ्या लागल्या. मार्च २००९ मध्ये तर अपेक्षेपेक्षा ७० टक्के जास्त स्त्रिया आल्या. सरकारी पत्रकं वर्षानुवर्षं वाटून जे झालं नव्हतं ते एका टीव्हीवरच्या बाईने केलं. हे आधीच मान्य करून टाकू, कारण प्रसिद्धीच्या नावाने नुसती बोटं मोडणं सोपं असतं.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. इंग्लंडमध्ये ही तपासणी पंचविसाव्या वर्षापासून करतात. पूर्वी ती विसाव्या वर्षापासून होती; काही वर्षं आधी विचारपूर्वक वय वाढवलं होतं. गुडी इतक्या तरुण वयात गेली म्हटल्यावर ‘वय पुन्हा २० वर आणा’ अशी जोरदार मागणी झाली. मागणी इतकी साहजिक वाटते की तिला नाही म्हणणारा माणूस निर्दयीच ठरावा. जून २००९ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने मात्र नाहीच म्हटलं.

का म्हटलं ते समजून घेण्यासारखं आहे. या कॅन्सरचं मूळ एचपीव्ही नावाच्या विषाणूत आहे. विशीत त्याचा संसर्ग अगदी सर्रास होतो आणि बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत शरीरच त्याला घालवतं. त्या मधल्या काळात तपासणी केली तर पेशी बिघडलेल्या दिसतात. दिसल्या की घबराट, आणि मग उपचार म्हणून गर्भाशयमुखाचा थोडा भाग काढून टाकला जातो. अशा उपचारांनंतर पुढच्या बाळंतपणात मूल अपुऱ्या दिवसांचं होण्याची शक्यता वाढते. उलट पंचविशीच्या आतल्या मुलींत प्रत्यक्ष कॅन्सर अतिशय विरळा. म्हणजे ज्यांचं आपोआप बरं होणार होतं अशा कित्येक मुलींवर शस्त्रक्रिया करायची आणि त्यातून फारच थोड्या जणी वाचणार. वाचतील की नाही याचीही खात्री नाही.

गुडीचा चेहरा हा या अपूर्णांकातला अंश होता. विशीतल्या सगळ्या मुली हा छेद. छेदाला चेहरा नसतो, त्यामुळे तो टीव्हीवर येत नाही. माझ्या मते आरोग्याबद्दलच्या आपल्या बहुतेक गैरसमजांचं मूळ एवढंच आहे. वाहिन्या खोटं सांगतात असं दर वेळी नसतं. अनेकदा त्या अगदी खरं सांगतात, फक्त रेषेच्या वरचं.

याच आठवड्यांत आपल्याकडे काय चाललं होतं बघा. गुडी गेल्यावर अकरा दिवसांनी, २ एप्रिल २००९ रोजी, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवमधला, एक अभ्यास छापून आला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, खेड्यांचे ५२ समूह, त्यांचे चार गट. एका गटातल्या स्त्रियांची फक्त एकदा एचपीव्ही चाचणी केली आणि पुढे आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. चाचणीच्या गटातल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांपैकी या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्यांची अशी चाचणी झाली नव्हती त्या सुमारे साडेएकतीस हजारांपैकी ६४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. (तपासणी न झालेल्या गटाला तसंच ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद खरा आहे आणि वेगळ्या लेखाचा आहे.)

इथे अंश आहे आणि छेदही आहे. त्या चौसष्ट जणींची नावं मात्र कुणाला माहीत नाहीत. त्या महिन्यात मराठी वाचकाला यातली कोणती बातमी कळली असेल, हे सांगायला नको.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून आणखी साधी पद्धत वापरून पाहिली. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातलं व्हिनेगर असतं साधारण तसंच द्रावण, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. हे काम डॉक्टर करत नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रिया करत होत्या. सुमारे दीड लाख स्त्रियांचा हा अभ्यास बारा वर्षं चालला. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदाच करून मृत्यूंत ठळक फरक पडला नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. पुन्हा पुन्हा करणं हा तिचा गाभा आहे.

आता २०२४ मध्ये येऊ. १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ९ ते १४ वयाच्या मुलींना या कॅन्सरची लस देण्याला प्रोत्साहन देऊ असं सांगितलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस बाजारात येऊन वर्ष झालं होतं. दुसऱ्या दिवशी पूनम पांडे हिच्या इन्स्टाग्रामवर संदेश आला की ती याच कॅन्सरने गेली. तिसऱ्या दिवशी तीच व्हिडिओत हजर: मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. दोन दिवस सगळा देश या रोगाचं नाव घेत होता आणि वाद चालला होता तो हे योग्य की अयोग्य यावर. कोणत्या वयात, कुठे जाऊन, कोणती तपासणी करायची हे त्या गदारोळात किती जणींपर्यंत पोचलं? भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत.

मन असं का वागतं, याचं उत्तर एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं. एखादी गोष्ट किती वेळा घडते हे आपण मोजत नाही. तिचं उदाहरण किती चटकन आठवतं त्यावरून अंदाज बांधतो. रोजच्या जगण्यात ही युक्ती बऱ्यापैकी चालते, कारण जे वारंवार घडतं तेच सहसा आठवतं. टीव्हीने हा संबंध तोडला. आता जे वारंवार दाखवलं जातं ते आठवतं, आणि दाखवलं जातं ते जगावेगळं असतं म्हणून. अमेरिकेत साधारण पाचांपैकी एक मृत्यू हृदयविकाराने होतो; तिथल्या आणि ब्रिटनच्या दोन मोठ्या वर्तमानपत्रांचा हिशेब मांडला तेव्हा मृत्यूंच्या कारणांविषयीच्या मजकुरात हृदयविकाराचा वाटा दोन-तीन टक्के निघाला. बातमीचा धंदा पाहिला तर हे समजण्यासारखं आहे. बासष्ट वर्षांचे, साखर आणि बीपी असलेले, तंबाखू खाणारे गृहस्थ गेले ही बातमी होत नाही. हिंदी मालिकांतला सिद्धार्थ शुक्ला चाळिशीत आणि कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले ही होते. २०२१ मध्ये पुनीत गेल्यावर बेंगळुरूच्या हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी धडधाकट तरुणांची रीघ लागली, आणि घरोघरच्या आया मुलांना सांगू लागल्या, ‘जिमला जाऊ नकोस बाबा.’ व्यायाम बदनाम झाला. तंबाखू मात्र नामानिराळी राहिली.

आकडा सांगितला की प्रश्न सुटतो असंही नाही. मे २०१३ मध्ये अँजेलिना जोलीने वर्तमानपत्रात लिहिलं की तिच्यात बीआरसीए-१ या जनुकाचा दोष आहे, डॉक्टरांच्या अंदाजाने तिला स्तनांचा कॅन्सर होण्याचा धोका ८७ टक्के होता, म्हणून तिने दोन्ही स्तन काढून घेतले. लेख नेमका होता, धीराचाही होता. नंतर अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त लोकांना विचारलं तेव्हा चारांपैकी तिघांना तिची गोष्ट माहीत होती. पण असा दोष असलेल्या आणि नसलेल्या बाईच्या धोक्यात किती फरक असतो हे नीट सांगता आलं दहांपैकी एकालाही नाही. ८७ हा आकडा तो विशिष्ट जनुकदोष असलेल्या बाईपुरता आहे. सर्वसाधारण अमेरिकन स्त्रीचा आयुष्यभराचा धोका १२ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि स्तनांच्या सगळ्या कॅन्सरपैकी या जनुकांमुळे होणारे जेमतेम ५ ते १० टक्के. लेखानंतरच्या पंधरा कामकाजाच्या दिवसांत अमेरिकेत या जनुकाच्या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. चाचणी केलेल्यांत पुढच्या दोन महिन्यांत स्तन काढण्याचं प्रमाण मात्र १० वरून ७ टक्क्यांवर उतरलं. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की लेख वाचून ज्या आल्या त्यांना धोका मुळात कमी होता. ज्यांच्या घरात आई, मावशी, आजी याच रोगाने गेल्या त्या बायकांना गाठायला हवं होतं. आल्या त्या घाबरलेल्या.

बातम्यांपेक्षाही खोल काम मालिका करतात, कारण तिथे आपण सावध नसतो. ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर बाहेर येऊन मास्क खाली करतात आणि ‘आता सगळं देवाच्या हातात’ म्हणतात. नायक कोमात. मग कुणीतरी पदर पसरून आरती म्हणतं, बोट हलतं, आणि पुढच्या भागात तो उशीला टेकून बसलेला असतो, केसही विस्कटलेले नाहीत. आपण हसतो, थट्टा करतो. तरी ते मनात साठत राहतं.

अमेरिकेतल्या नऊ दैनंदिन मालिकांचा १९९५ ते २००५ या काळातला असा हिशेब एका अभ्यासात मांडलेला आहे. कोमात गेलेली पात्रं ६४. पूर्ण बरी झालेली ५७. गेलेली पाच. शुद्धीवर आलेल्या ५७ पैकी ४९ जणांत त्याच दिवशी कसलाही उणेपणा दिसत नव्हता! मार न लागता, इतर कारणाने कोमात गेलेल्या खऱ्या रुग्णांत निम्म्याहून जास्त दगावतात. जे वाचतात त्यांतल्या अनेकांना गिळायला, बोलायला, तोल सांभाळायला नव्याने शिकावं लागतं, महिनोन्‌महिने.

छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचं, म्हणजे सीपीआरचंही तसंच. १९९६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी तीन लोकप्रिय कार्यक्रमांचे ९७ भाग पाहिले. त्यांत साठ वेळा सीपीआर झालं आणि दोनतृतीयांश रुग्ण घरी जाण्याइतके बरे झाल्यासारखे दाखवले होते. प्रत्यक्षात तिथल्याच नोंदींनुसार रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहांपैकी साधारण एक जण वाचतो. मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक द्यायचा, हेही पडद्यावरचंच. सरळ रेषेत शॉकचा उपयोग नसतो, तो वेड्यावाकड्या थरथरणाऱ्या हृदयाला देतात. (यावरून सीपीआर करू नये असा अर्थ कुणी काढू नये. शेजारी उभ्या असलेल्याने ताबडतोब छाती दाबायला घेतली तर वाचण्याची शक्यता दुपटीपर्यंत वाढते.)

हा फरक आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर महाग पडतो. पंच्याऐंशी वर्षांच्या, मूत्रपिंडं निकामी झालेल्या आजोबांबद्दल डॉक्टर ‘आता व्हेंटिलेटरचा उपयोग नाही’ म्हणतात तेव्हा मुलगा-मुलगी ऐकतात ते भलतंच: हे लोक प्रयत्न सोडताहेत. पडद्यावर प्रयत्न सोडणारा डॉक्टर नेहमी चुकलेला असतो ना.

आणि हा भ्रम उलटाही फिरतो. १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे वांद्र्याच्या घरात सैफ अली खानवर चाकूहल्ला झाला. मणक्याजवळ अडकलेला पात्याचा तुकडा शस्त्रक्रियेने काढला आणि २१ तारखेला तो लीलावतीतून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडला. झालं! पाच दिवसांत चालतो म्हणजे सगळा बनाव, अशी शंका समाजमाध्यमांवरच नव्हे तर राज्याच्या एका मंत्र्यांनीही जाहीरपणे घेतली. अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दुसऱ्याच दिवशी उभं करून चालवतात, कारण पडून राहिलं की पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साचतो. कुठल्याही वॉर्डात हे रोज दिसतं. पण आपल्या डोक्यात जखमी नायक म्हणजे डोक्याला पट्टी, हाताला सलाईन आणि व्हीलचेअर. खरा रुग्ण त्या साच्यात बसला नाही म्हणून खोटा ठरला.

कधी छेद मुद्दाम झाकला जातो, कधी सांगणाऱ्यालाही दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी सांगितलं की चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरमधून त्यांची पत्नी आहाराच्या बळावर बरी झाली: साखर आणि दूध बंद, कडुनिंब, हळद, लिंबूपाणी, उपास. पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, हे त्या उत्साहात मागे पडलं. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी निवेदन काढून सांगितलं की अशा उपायांनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. पुढे सिद्धूंनीही आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतल्याचा खुलासा केला. बायको बरी झाल्याचा नवऱ्याचा आनंद खरा आहे, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. फक्त हळद-लिंबावर विसंबून दवाखाना सोडलेले आणि गेलेले लोक पत्रकार परिषद घेत नाहीत.

जाहिरातींबद्दल फार लिहायला नको, तिथला खोटेपणा पोराटोरांनाही कळतो. ‘इलायची’च्या पुडीच्या जाहिरातीतून २०२२ मध्ये अक्षय कुमारने माफी मागून माघार घेतली. त्या पुडीवरचं नाव तंबाखूच्या धंद्यातलं आहे हे करार करताना ठाऊक नसेल, यावर विश्वास ठेवणं जड जातं.

मग प्रसिद्ध चेहरा वापरायचाच नाही का? पोलिओचं उदाहरण याच्या उलट आहे. ‘दो बूंद जिंदगी की’ म्हणत अमिताभ बच्चन टीव्हीवर वर्षानुवर्षं येत राहिले, कधी समजावत, कधी चक्क रागावत. त्या जाहिरातीत रोगाची भयकथा थोडी आणि सूचना नेमकी असायची: कोणत्या रविवारी, कोणत्या वयाच्या मुलाला, कुठे न्यायचं. आणि तिच्या मागे छेद मोजणारी माणसं होती. डोस दिलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लागायची. बूथ संपला की पथकं घरोघर फिरायची आणि खडूने दाराशी खूण करायची. सगळी मुलं झाली असली तर ‘पी’, एखादं राहिलं असलं तर ‘एक्स’. एक्सच्या घरी पुन्हा जायचं. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीही अशी यादी कागदावर आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताईंनी घरी येऊन भरायचा असतो. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची व्हिनेगरची तपासणी दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत व्हावी, असं केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. तपासणीला काही मिनिटं लागतात. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींचा निघत नाही, पुढच्या तपासणीला पाठवतात इतकंच. तुमच्या आशाताईंनी तो फॉर्म अजून भरून घेतला नसेल तर पुढच्या वेळी त्या दारात आल्या की आपणच विचारावं.